स्मृतिभ्रंशाचा धोका असलेल्या ज्येष्ठांसाठी जीवनशैली कार्यक्रम: घरात किंवा गटात तो कसा उभा करायचा

साठी ओलांडली आणि नावं पटकन आठवेनाशी झाली की घरात दोन गोष्टी हमखास येतात: शब्दकोड्यांचं पुस्तक आणि स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या गोळ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना गोळ्यांबाबत अगदी स्पष्ट आहेत: डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका कमी व्हावा म्हणून ब आणि ई जीवनसत्त्वं किंवा ओमेगा-३ च्या गोळ्यांची शिफारस करू नये. आणि कोडी सोडवून माणूस मुख्यतः कोडी सोडवण्यातच तरबेज होतो. ज्या वाटेला संशोधनाचा बऱ्यापैकी आधार आहे ती जास्त कष्टाची आहे. व्यायाम, आहार, मेंदूला काम, माणसांचा सहवास आणि रक्तदाब-साखरेवर नजर, हे सगळं एकाच वेळी, निदान दोन वर्षं, आणि तेही कुणीतरी नियमित विचारपूस करत असताना.

या वाटेचा पहिला मोठा पुरावा फिनलंडमधून आला. २००९ साली सुरू झालेल्या 'फिंगर' अभ्यासात ६० ते ७७ वयाचे, डिमेन्शियाचा धोका असलेले १,२६० जण होते. अर्ध्यांना हा एकत्रित कार्यक्रम दिला, अर्ध्यांना आरोग्याचा नेहमीचा सल्ला. दोन वर्षांनी दोन्ही गट विचारशक्तीच्या चाचण्यांत सुधारले होते, पण कार्यक्रमातल्या गटाची एकूण सुधारणा २५ टक्क्यांनी जास्त होती. निष्कर्ष २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यानंतर २०१६-१७ मध्ये नेदरलँड्स आणि फ्रान्समधल्या अशाच मोठ्या अभ्यासांनी मात्र एकूण गटात ठोस फायदा दाखवला नाही. हेही सांगायलाच हवं.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या 'यूएस पॉइंटर' अभ्यासाचे निकाल आले. ६० ते ७९ वयाचे २,१११ जण आणि दोन प्रकारचे कार्यक्रम. एका गटाला दोन वर्षांत ३८ बैठका, आखून दिलेला व्यायाम आणि ठरलेली उद्दिष्टं होती. दुसऱ्या गटाला फक्त ६ बैठका होत्या आणि बाकी सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. दोन्ही गट सुधारले. आखीव कार्यक्रमाचा गट थोडा जास्त सुधारला. फरक लहान होता, पण स्पष्ट होता.

या अभ्यासांनी प्रामुख्याने विचारशक्तीच्या चाचण्यांतले गुण मोजले. तेव्हा 'हे केलं की डिमेन्शिया होणारच नाही' असं वचन कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती बैठकांची संख्या. काय करावं हे बहुतेकांना ठाऊक असतं, घोडं अडतं ते नेमाने करण्यात. म्हणून खाली 'काय करायचं' याच्याइतकंच 'टिकवायचं कसं' यावर लिहिलं आहे.

पायरी १: हा कार्यक्रम कुणासाठी, कुणासाठी नाही

धोका कुणाला जास्त? वय वाढलेलं आहेच. त्यात उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, बैठं आयुष्य, तंबाखू, कमी ऐकू येणं, एकटेपणा, जुनं नैराश्य किंवा डोक्याला झालेली जुनी दुखापत यांपैकी दोन-तीन गोष्टी असतील, किंवा आई-वडिलांपैकी कुणाला डिमेन्शिया झाला असेल, तर हा कार्यक्रम त्या व्यक्तीसाठी आहे. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके मांडले. ते सगळे, अगदी लहानपणीच्या शिक्षणापासून, दूर करता आले तर जगातले जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतील किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. हा अंदाज संपूर्ण लोकसंख्येचा आहे. एका माणसाला तो तसाच लावता येत नाही.

ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचे साधे व्यवहार न जमणं, तोच प्रश्न थोड्या वेळात पुन्हा पुन्हा विचारणं, स्वभाव एकदम पालटणं यांपैकी काही दिसत असेल तर कार्यक्रमाचा विचार नंतर करा, आधी डॉक्टर. आणि गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक वाढला असेल, किंवा तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं असं काही झालं, तर ती तातडीची वेळ आहे. लगेच रुग्णालय गाठा.

पायरी २: सुरुवातीचा आठवडा, फक्त मोजमापाचा

या आठवड्यात कुणालाही काही बदलायला सांगू नका. एक वही करा आणि सगळं तिच्यात लिहा.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांशी बोला: तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, किडनीचं काम, थायरॉइड आणि बी-१२. शेवटच्या दोन विशेष महत्त्वाच्या. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस विसरभोळा आणि सुस्त दिसतो, आणि हे उपचारांनी सुधारू शकतं.

सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा. झोपेच्या काही गोळ्या, सर्दी-ॲलर्जीची काही जुनी औषधं, वारंवार लघवीसाठी दिली जाणारी काही औषधं ज्येष्ठांच्या मेंदूवर गुंगी आणतात. 'ही सगळी अजून लागतात का?' एवढा प्रश्न विचारा. स्वतःच्या मनाने मात्र एकही बंद करू नका.

रक्तदाब घरी मोजायचा तर नीट मोजावा, नाहीतर आकड्यांना अर्थ उरत नाही. दंडावर बांधायचं, पट्ट्याचं माप दंडाला बसणारं यंत्र घ्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू आणि व्यायाम नाही. लघवी करून या. खुर्चीला पाठ टेकवून, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीवर आणि उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही. यंत्र चालू करून 'काल कुठे गेला होतात?' असं विचारणारे नातेवाईक आकडा वाढवतात. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. एकदा उभं राहून १ आणि ३ मिनिटांनीही मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, कारण अशी माणसं उठताना पडतात.

शरीराची दोन मापंही घ्या. हातांचा आधार न घेता ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता-बसता येतं ते मोजा. ४ मीटर सपाट अंतर नेहमीच्या चालीने चालायला किती सेकंद लागतात तेही मोजा. ५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर चाल मंदावली आहे, व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारून सुरू करावा.

पायरी ३: आकडे ताब्यात आणा

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्प्रिंट माइंड' या अमेरिकन अभ्यासात ९,३६१ जण होते. काहींचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं, काहींचा १४० च्या खाली. पहिल्या गटात विचारशक्तीची सौम्य घट होण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी दिसलं. प्रत्यक्ष डिमेन्शियातही घट दिसली, पण ती खात्रीने सांगता येईल इतकी ठोस नव्हती. तुमच्या घरातल्या व्यक्तीसाठी योग्य आकडा कोणता, हे डॉक्टरच ठरवतील. चक्कर, पडण्याचा इतिहास, किडनी, मधुमेह हे सगळं त्यात येतं. ठरलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. गोळी विसरली जात असेल तर आठवड्याचे कप्पे असलेली डबी आणा आणि गोळीची वेळ एखाद्या पक्क्या सवयीला जोडा, उदाहरणार्थ दात घासण्याला.

पायरी ४: कान आणि डोळे

या पायरीकडे सर्वांत जास्त कानाडोळा होतो, म्हणून मी ती व्यायामाच्याही आधी घेतो. ऐकू कमी आलं की माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला सरकतो, आणि घरचे 'आता त्यांचं लक्ष नसतं' असं ठरवून टाकतात. २०२३ च्या 'अचीव्ह' अभ्यासात ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांपैकी काहींना श्रवणयंत्रं आणि ती वापरण्याचं मार्गदर्शन दिलं. सगळ्यांचा मिळून विचार केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांचा धोका मुळातच जास्त होता, त्यांच्यात विचारशक्तीची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंद झाली. हा लेख त्याच लोकांसाठी आहे.

आधी कानातला मळ तपासून घ्या, मग ऑडिओलॉजिस्टकडून श्रवणचाचणी. यंत्र घेतल्यावर पहिल्याच दिवशी गर्दीच्या समारंभाला घालून नेलं तर ते कायमचं कपाटात जातं. सुरुवात शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना करा. वापराचे तास रोज थोडे वाढवा. पाण्याचा, कागदाचा, स्वतःच्या पावलांचा आवाज पहिले काही आठवडे खुपतो. मेंदू त्या आवाजांना हळूहळू सरावतो. यंत्राची जुळणी दोन-तीनदा तरी करून घ्यावी लागते, त्या भेटी आधीच ठरवून ठेवा.

डोळ्यांचं थोडक्यात: दरवर्षी तपासणी, चष्म्याचा नंबर ताजा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सांगितली असेल तर चालढकल नको.

पायरी ५: व्यायाम

'पॉइंटर'मधला आखीव व्यायाम असा होता: आठवड्यातून चार दिवस ३० ते ३५ मिनिटं दम लागेल असा व्यायाम, दोन दिवस ताकदीचा आणि दोन दिवस स्नायू ताणण्याचा. हे मुक्कामाचं ठिकाण आहे. तिथे पोहोचायला तीन महिने घ्या.

पहिले दोन आठवडे चार दिवस, फक्त दहा मिनिटं चालणं. मग दर आठवड्याला प्रत्येक फेरीत तीन ते पाच मिनिटं वाढवा. साधारण आठव्या आठवड्यात अर्ध्या तासावर याल. नंतरचे चार आठवडे वेळ तोच ठेवून वेग वाढवा. वेग योग्य आहे का हे ओळखायची खूण सोपी आहे: बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. रमतगमत, दुकानं बघत चालणं मनाला छान असतं, पण ते या हिशेबात धरू नका. गुडघे दुखत असतील तर स्थिर सायकल किंवा पाण्यातला व्यायाम घ्या.

ताकदीसाठी एकच व्यायाम निवडायचा झाला तर मी खुर्चीवरून उठणं-बसणं निवडेन. खुर्ची पक्की, न सरकणारी, पाठीमागून भिंतीला टेकवलेली हवी. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा. पावलं कमरेच्या रुंदीएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर घडी. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि श्वास सोडत उभे राहा. गुडघे आतल्या बाजूला वळू देऊ नका. खाली येताना मनात तीनपर्यंत मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला. आठ वेळा करून दोन मिनिटं विश्रांती, मग पुन्हा आठ. जमत नसेल तर बैठकीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, किंवा सुरुवातीला हातांचा आधार घ्या. सहज जमायला लागलं की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या धरा. भिंतीला हात टेकून ढकलणं, टाचा उचलणं आणि रबरी पट्टा ओढणं यांची भर नंतर घाला.

तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीन दिवस तरी हवा. ओट्याजवळ उभं राहून एका पावलाच्या पुढे दुसरं ठेवणं, मग एका पायावर उभं राहणं, आधार हाताशी ठेवून. पडणं टाळणं म्हणजे डोक्याची दुखापत टाळणं, आणि ती दुखापत त्या १४ धोक्यांपैकीच एक आहे.

छातीत दुखणं किंवा दडपण, अचानक धाप, चक्कर, अनियमित धडधड यांपैकी काही झालं तर तिथेच थांबा. विश्रांती घेऊनही छातीतलं दुखणं किंवा धाप कमी झाली नाही, तर रुग्णालयात जा.

पायरी ६: आहार

मेंदूसाठी म्हणून गाजलेला 'माइंड' आहार २०२३ मध्ये एका नीट आखलेल्या चाचणीत तपासला गेला. ६०४ जण, तीन वर्षं. तुलनेच्या गटालाही कमी उष्मांकांचा आहार होता, आणि दोन गटांत ठळक फरक निघाला नाही. त्यामुळे एखादा पदार्थ औषध असल्यासारखा खाऊ नका. आहाराचं काम रक्तवाहिन्या, साखर आणि स्नायू नीट ठेवण्याचं आहे, आणि तेवढं पुरेसं महत्त्वाचं आहे.

दर दोन आठवड्यांनी एकच बदल करा. आधी रोज एका जेवणात हिरव्या पालेभाज्या. मग निम्मं धान्य अख्खं, न पॉलिश केलेलं. मग डाळी-कडधान्यं रोज, मूठभर सुकामेवा, खात असाल तर आठवड्यातून एक-दोनदा मासे. तळलेलं, गोड आणि पाकीटबंद कमी. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे वरून घेतलेलं, लोणच्या-पापडातलं सगळं धरून जेमतेम एक चहाचा चमचा. ज्येष्ठांना प्रथिनं जरा जास्तच लागतात: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, प्रत्येक जेवणात विभागून. किडनीचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि वजन आपोआप घटत असेल तर आनंद मानू नका, त्याचं कारण शोधा.

पायरी ७: मेंदूला काम

'फिंगर'मध्ये संगणकावरचा सराव आठवड्यातून तीनदा, १० ते १५ मिनिटांचाच होता. अमेरिकेत २,८३२ ज्येष्ठांवर झालेल्या 'ॲक्टिव्ह' अभ्यासात असं दिसलं की ज्या कौशल्याचा सराव केला, मुख्यतः तेच सुधारतं. म्हणून संगणकावरचा सराव जरूर करा, पण भर एखादी नवी आणि हळूहळू अवघड होत जाणारी गोष्ट शिकण्यावर द्या: नवी लिपी, वाद्य, नृत्य, बुद्धिबळ, फोनवर फोटो-व्हिडिओची जुळणी. ती आवडती हवी आणि तिच्यात चुका व्हायला हव्यात. चुका व्हायच्या थांबल्या की पातळी वाढवा.

पायरी ८: गट आणि बैठका

एकट्याने केलेला नेम महिन्या-दोन महिन्यांत सुटतो. शक्य असेल तर ८ ते १२ जणांचा गट करा. जमत नसेल तर दोघांची जोडी तरी हवीच. गटप्रमुख डॉक्टर असण्याची गरज नाही. जो न चुकता फोन करेल आणि न रागावता विचारेल असा माणूस हवा.

पहिले दोन महिने दर आठवड्याला, पुढचे चार महिने पंधरवड्याला, मग महिन्यातून एकदा भेटा. ठरलेला वार, ठरलेली वेळ, बसायला गोलाकार, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतात. सुरुवातीला प्रत्येकाने वही उघडून गेल्या वेळचं उद्दिष्ट आणि प्रत्यक्षात काय झालं ते सांगायचं. मग एकच विषय: मीठ, झोप, श्रवणयंत्र, काहीही. मग वीस मिनिटं एकत्र व्यायाम. शेवटी प्रत्येकाने पुढचं उद्दिष्ट मोठ्याने सांगायचं आणि ते मोजता येईल असं हवं. 'जास्त चालेन' हे उद्दिष्ट झालं नाही. 'सोम, मंगळ, गुरू, शनी, सकाळी सातला, २० मिनिटं' हे झालं. जो सलग दोन बैठका चुकवेल त्याला दुसऱ्याच दिवशी फोन. जाब विचारायला नव्हे, अडचण समजून घ्यायला. बहुतेकदा ती अडचण गुडघा, आजारी जोडीदार किंवा उदासी असते.

ती उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, जेवण-झोप बिघडली, कशातच रस वाटेनासा झाला, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार होतात. 'वयामुळे होतं' म्हणून ते सोडून देऊ नका. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं याचीही तपासणी हवी. तंबाखू कोणत्याही वयात सोडली तरी फायदा आहे. दारू जितकी कमी तितकी बरी.

पायरी ९: उजळणी आणि पुन्हा सुरुवात

दर तीन महिन्यांनी खुर्ची आणि चालण्याची मापं, रक्तदाबाचा आठवडा आणि वजन पुन्हा. रक्ताच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तशा. स्मरणशक्तीच्या चाचण्या घरच्या घरी वारंवार घेऊ नका. 'काल काय जेवलात सांगा बरं' अशी उलटतपासणी माणसाला खचवते आणि तिच्यातून काही कळतही नाही. चाचणी वर्षातून एकदा, जाणकाराकडून.

दोन वर्षांत खंड पडणारच: आजारपण, शस्त्रक्रिया, घरातलं दुःख. तापातून किंवा रुग्णालयातून आल्यावर जिथे सोडलं तिथून सुरू करायला जाऊ नका. चालण्याचा वेळ निम्मा करा, उठण्या-बसण्याचा एकच संच ठेवा आणि दर आठवड्याला थोडं वाढवत मूळ पातळीवर या. शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी सर्जनची परवानगी घ्या. गटाने या काळात व्यायामाची वही मागू नये, पण बैठकीला मात्र आवर्जून बोलवावं, नुसतं बसायला का होईना.